ती बिअर आता कुठे मिळते?

गेल्या महिन्याच्या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते की, ताजेपणाच्या दृष्टीने बिअर ही व्हिस्की किंवा रमपेक्षा पावाच्या अधिक जवळची आहे आणि ती साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. त्यावर आलेली बहुतेक पत्रे साठी-सत्तरीच्या वाचकांची आहेत, आणि शब्द वेगवेगळे असले तरी त्या सर्वांना एकच गोष्ट विचारायची आहे: आमच्या तरुणपणची बिअर गेली कुठे? एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे गेली. हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो, म्हणून या वेळचे सदर मी पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : १९८४ ते १९९० या काळात मी फोर्टमधील एका बँकेत कारकून होतो. पगाराच्या संध्याकाळी आम्ही चौघे मित्र जवळच्या एका इराण्याकडे बसत असू आणि आमच्या ठरलेल्या बिअरच्या दोन मोठ्या बाटल्या चौघांत वाटून घेत असू. त्या चवीला एक भरीवपणा होता, थोडा मधासारखा गोडवा होता. गेल्या महिन्यात मुलाने आमच्या काळचेच नाव असलेली बाटली आणली, पण ती मला अगदी पातळ वाटली. बिअर बदलली आहे की माझी जीभ? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : दोन्ही बदलले आहे, मात्र आपल्या जिभेचा वाटा आपण समजता त्यापेक्षा कमी असावा, असे आपले पत्र वाचून मला वाटते.

आधी नावाचे पाहू. बाटलीवरचे नाव तेच राहिले म्हणजे आतली बिअर तीच राहिली, असे या धंद्यात होत नाही. आपल्या त्या वर्षांत मुंबईत मोहन मीकिनची गोल्डन ईगल होती, असोसिएटेड ब्रुअरीजची लंडन पिल्सनर होती, १९७८ मध्ये नव्या रूपात बाजारात उतरलेली किंगफिशर एकेक बार जिंकत पुढे सरकत होती, आणि कडक हवी असणाऱ्यांसाठी शॉ वॉलेसची हेवर्ड्स होती. पुढे लंडन पिल्सनर किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजकडे गेली. शॉ वॉलेसचा बिअरचा व्यवसाय २००५ मध्ये सॅबमिलरने घेतला आणि २०१६ मध्ये सॅबमिलरलाच एबी इनबेव्हने घेतले. २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजचे नियंत्रण हायनेकेनकडे आले. मालक बदलतो तेव्हा बाटलीवरचे चित्र सहसा बदलत नाही, कारण गिऱ्हाईक चित्र ओळखून बाटली मागते. परंतु माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) कोणाकडून घ्यायचा, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) कोणते आणि किती घालायचे, यीस्टची, म्हणजे साखरेचे मद्यार्क करणाऱ्या किण्वाची, कोणती जात वापरायची आणि टाकीत किती दिवस मुरू द्यायचे, हे निर्णय नव्याने घेतले जाऊ शकतात.

शिवाय त्या काळीही एका नावाची एकच बिअर नव्हती. मद्य हा आपल्याकडे राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे एका राज्यातली बाटली दुसऱ्या राज्यात न्यायची झाली की शुल्क आणि परवाने आडवे येतात, म्हणून कंपन्या एकच लेबल निरनिराळ्या राज्यांतल्या कारखान्यांत तयार करून घेतात. मुंबईत आपण प्यायलात ती आणि दिल्लीत आपल्या चुलतभावाने प्यायली ती बिअर वेगळ्या विहिरीच्या पाण्याची असण्याचीच शक्यता जास्त होती. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि पाण्यावर आजच्यासारखी प्रक्रिया करून ते सगळीकडे सारखे करण्याची सोय तेव्हा प्रत्येक कारखान्यात नव्हती.

आता पातळपणाचे. मोठ्या कारखान्यांत आज बिअर आधी दाट तयार करतात आणि शेवटी तीत हवा काढून टाकलेले पाणी घालून ती ठरलेल्या ताकदीवर आणतात. यात फसवणूक काही नाही. एकाच टाकीतून जास्त माल निघतो आणि प्रत्येक बाटली हुबेहूब सारखी होते. परंतु लेगर जातीच्या, म्हणजे आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या, बिअरला पूर्वी थंड टाकीत कित्येक आठवडे मुरू देत, तो काळ आता जगभरच कमी झाला आहे आणि कडवटपणाही बहुतेक ठिकाणी उतरला आहे. आपल्याला जो भरीवपणा आठवतो, त्याचा काही भाग खरोखरच त्या बाटलीत होता.

मधासारख्या गोडव्याविषयी मात्र मला जे सांगायचे आहे ते आपल्याला कदाचित रुचणार नाही. त्या काळच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांतून बिअरमध्ये आजच्या मानाने पुष्कळ हवा जात असे. हवेतल्या प्राणवायूने बिअर हळूहळू शिळी होते, आणि उष्णतेने तो वेग वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले की अशा प्रक्रिया साधारण दुपटी-तिपटीने धावतात. आपल्याकडची मे महिन्यातली ताडपत्रीखालची ट्रक आणि पत्र्याच्या छपराचे गोदाम डोळ्यांसमोर आणा. आमच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदा सकाळी अकरा वाजता, म्हणजे जेवणाआधी जीभ तल्लख असताना, पाच जण चव घ्यायला बसत असत. एकदा मराठवाड्यातल्या एका दुकानातून परत आलेली पेटी आमच्यापुढे आली. बाटल्यांच्या तोंडाभोवती गंजाचे तांबूस कडे उमटले होते आणि लेबलांचे कोपरे उचलले होते. ग्लासात ओतली तेव्हा रंग कोऱ्या चहाकडे झुकलेला दिसला, फेस लवकर बसला, आणि ग्लास नाकाशी नेताच आधी मध आला व मागोमाग भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. त्या पुठ्ठ्याच्या वासाचे रसायनशास्त्रातले नाव ट्रान्स-२-नोनेनाल असे आहे. मी नोंदवहीत ‘शिळी’ असा शेरा लिहायला घेतला आणि माझा हात थांबला, कारण विसाव्या वर्षी मामेभावाने चोरून पाजलेल्या माझ्या पहिल्या बिअरचा वास नेमका तोच होता.

शेरा मी तोच लिहिला, आणि तो बरोबरही होता. तरी तेव्हापासून मी कोणालाही असे म्हणत नाही की, तुमची आठवण खोटी आहे. आम्ही ज्याला दोष म्हणून नोंदवत होतो, ते आपल्या पिढीने बिअरची चव म्हणून मनात ठेवले, कारण आपल्यापर्यंत बिअर त्याच रूपात पोचत होती. आजची यंत्रे प्राणवायू जवळजवळ आत जाऊच देत नाहीत. मुलाने आणलेली बाटली आपल्याला पातळ वाटली, त्याचे एक कारण ती चांगल्या स्थितीत होती हेही असू शकते.

राहिली जीभ. साठीनंतर जिभेपेक्षा नाक अधिक मंदावते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चवीत फरक पडतो. आणि एक साधी गोष्ट आपल्याच पत्रात आहे: दोन बाटल्या, चौघे जण. साडेसहाशे मिलिलिटरच्या दोन बाटल्यांतून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वातीनशे मिलिलिटर येत होती. ती संपूर्ण महिन्याची बिअर होती. मुलाने आणलेली बाटली आपल्याला एकट्याला पुरून उरली असेल.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात १९८८-८९ साली बिअरची बाटली उघडली की आधी तिच्यातले ‘ग्लिसरीन’ काढण्याचा विधी होत असे. तोंडावर अंगठा दाबून बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची आणि अंगठा काढायचा. बाटलीतून तेलासारखी एक धार पाण्यात उतरताना आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यानंतर बिअर खरोखरच मऊ लागे. माझा अभियंता मुलगा यावर विश्वास ठेवायला तयार नाही. आम्ही पाहिले ते काय होते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण पाहिले ते खरे होते, फक्त ते ग्लिसरीन नव्हते. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि दर वेळी उत्तर देताना मला आनंद होतो, कारण यात पाहणाऱ्याची नजर अचूक असते आणि केवळ नाव चुकलेले असते.

तयार बिअरमध्ये यीस्टने न खाल्लेली थोडी शर्करा उरते. त्यामुळे तिच्यात मद्यार्क असूनही ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. हा फरक जेमतेम एक टक्क्याचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी असतो, परंतु तेवढा पुरतो. बाटली पाण्यात उलटी धरली की वर जड द्रव आणि खाली हलका द्रव अशी अस्थिर स्थिती होते. बाटलीच्या अरुंद गळ्यातून बिअर एका बाजूने खाली उतरू लागते आणि तिची जागा घ्यायला दुसऱ्या बाजूने पाणी वर चढते. बिअर आणि पाणी यांतून प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात वळतो, म्हणून त्या दोहोंच्या सीमेवर आपल्याला तेलकट, थरथरणारी रेघ दिसते. पाण्यात खडीसाखरेचा खडा दोऱ्याला बांधून सोडला तर त्याच्याखाली अशीच रेघ तरळताना दिसेल.

चिरंजीवांना पटवायचे असेल तर एक प्रयोग करून दाखवा. एका ग्लासात साधे पाणी घ्या आणि दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात दोन-तीन चमचे साखर पूर्ण विरघळवा. आता दोन्ही ग्लासांत बिअरच्या बाटल्या सावकाश उलट्या धरा. साध्या पाण्यात आपली ती ओळखीची धार तळापर्यंत उतरेल. साखरेच्या पाण्यात ती उतरणार नाही; वायूच्या दाबाने थोडी बिअर बाहेर येईल, पण ती वरच्या वर पसरेल, कारण आता खालचे पाणी बिअरपेक्षा जड आहे. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वा पट जड असते. बाटलीत खरोखर ग्लिसरीनचा साठा असता तर तो साखरेच्या पाण्यातही बुडाला असता.

ग्लिसरीन बिअरमध्ये अजिबात नसते असेही नाही. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करताना यीस्ट स्वतःच थोडे ग्लिसरीन तयार करते. एका लिटरमागे ते साधारण एक ते दोन ग्रॅम भरते. पण ते पाण्यात पूर्णपणे मिसळलेले असते. दुधात विरघळलेली साखर जशी पातेले तिरपे करून वेगळी ओतता येत नाही, तसे हे ग्लिसरीनही बाटली उलटी करून निघत नाही. बिअर टिकावी म्हणून कारखानदार वरून ग्लिसरीन घालतात, अशी समजूत त्या काळी देशभर होती आणि परदेशी प्रवाशांनाही आपले लोक ही युक्ती मोठ्या प्रेमाने शिकवत असत. मी ज्या कारखान्यात होतो तेथे माझ्या तीस वर्षांत ग्लिसरीन कधी घातले गेले नाही. बाटली टिकते ती भरल्यानंतर साठ अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवल्यामुळे.

मग बिअर मऊ का लागत होती? कारण आपण तीत पाणी घालत होता. बाहेर गेली तेवढ्या बिअरच्या जागी नळाचे पाणी बाटलीत शिरत होते, कडवटपणा सौम्य होत होता आणि हलवाहलवीत बराचसा वायूही निघून जात होता. अठरा-वीस वर्षांच्या, कडू चवीची सवय नसलेल्या मुलांना ते बरे वाटणे स्वाभाविक आहे. वसतिगृहातली ती चव आपल्याला पुन्हा हवी असेल, तर ती मिळवणे या सदरातल्या सर्व वाचकांमध्ये आपल्यालाच सर्वांत सोपे आहे: ग्लासातल्या बिअरमध्ये दोन मोठे चमचे साधे पाणी घाला.

प्रश्न : माझे आजोबा (वय ८४) बिअर बारला आजही ‘परमिट रूम’च म्हणतात, आणि आपली पहिली बिअर हा विषय निघाला की ‘आमच्या वेळी परमिट लागायचे’ असे अभिमानाने सांगतात. हा काय प्रकार होता? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आजोबांचा अभिमान समजून घेण्यासाठी आपल्याला त्यांच्या लहानपणात जावे लागेल. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. आजोबा तेव्हा शाळकरी वयाचे असतील. त्यांच्या वाढत्या वयात कायदेशीर बिअर ही सामान्य घरातल्या माणसाच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरांचा दाखला जोडून परवाना मिळवणारे थोडे लोक होते, परदेशी पाहुणे होते, आणि बाकीच्यांसाठी हातभट्टी किंवा मुंबईतले ‘आंटी’चे अड्डे होते. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, साठच्या दशकापासून, हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले. कायदा मात्र रद्द झाला नाही. परवाना असलेल्या माणसाने परवाना असलेल्या खोलीत बसून प्यावे, अशी व्यवस्था झाली, आणि त्या खोलीचे नाव परमिट रूम असे पडले. पाट्यांवर ते आजही आहे.

कायदाही आजपर्यंत लागू आहे. दुकानात बाटलीबरोबर एक दिवसाच्या परवान्याचा कागद देण्याची पद्धत त्यातूनच आली. आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळ माणसांची पहिली कायदेशीर बिअर म्हणजे आपण आता चोरून काही करत नाही, याची पहिली संध्याकाळ होती. उजेडात, टेबलापाशी बसून, वेटरला नावाने हाक मारून प्यायलेली. त्या ग्लासाची चव कशी होती, हे मी प्रयोगशाळेतून सांगू शकत नाही. आजोबांनाच विचारा, आणि शक्य असेल तर ते सांगतील ते लिहून ठेवा. दारूबंदीच्या काळाचा इतिहास सरकारी कागदांत पुष्कळ आहे, पण ती बंदी उठताना साध्या माणसाला कसे वाटले हे फारसे कोणी लिहिलेले नाही.

प्रश्न : १९८७ च्या डिसेंबरात आमची महाविद्यालयाची सहल गोव्यात गेली होती. मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी कोसळल्यामुळे पणजीहून बेतीमला जायला फेरीबोटीशिवाय मार्ग नव्हता. रांग लांब होती, म्हणून आम्ही धक्क्याजवळच्या एका लहानशा टॅव्हर्नमध्ये शिरलो आणि बुटक्या बाटलीतली गार बिअर प्यायलो. तशी बिअर मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. ती गोव्याची कोणती खास बिअर होती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बाटलीच्या आकारावरून नाव छातीठोकपणे सांगणे कठीण आहे. गोव्याच्या जुन्या, स्थानिक बिअरांमध्ये किंग्ज, आर्लेम आणि बेलो ही नावे लोकांच्या तोंडी होती; त्यांपैकी आर्लेमला मडगावजवळच्या गावाचेच नाव आहे, आणि बुटकी बाटली म्हटली की जाणकार गोवेकर बहुधा किंग्जचे नाव आधी घेतो.

परंतु आपल्या आठवणीतली गोडी नावापेक्षा आकारात जास्त आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे बिअर म्हणजे साडेसहाशेची मोठी बाटली, हे समीकरण इतके पक्के आहे की, तिचा दुसरा अर्धा भाग आपण सगळे कोमट पितो हे आपल्या लक्षातही येत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत ग्लासातली बिअर काही मिनिटांतच कोमटू लागते. लहान बाटली गार असतानाच संपते. त्यात गोव्यातली बिअर गोव्यातच खपत होती, म्हणजे कारखान्यातून टॅव्हर्नपर्यंतचा प्रवास तासा-दोन तासांचा. ती ताजी असण्याची शक्यता आपल्या गावात येणाऱ्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त होती. करही कमी होता, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या खिशालाही दुसरी बाटली परवडत असे. आणि फेरीची रांग होती. घाई करून उपयोग नाही, अशी सक्तीची सवड मिळालेली आपली ती बहुधा पहिलीच बिअर असावी. मांडवीवर नवा पूल १९९२ मध्ये झाला आणि ती रांग संपली.

प्रश्न : घर रिकामे करताना माळ्यावर १९९१ सालची एक न उघडलेली बिअरची बाटली सापडली. वडिलांनी का ठेवली होती ते आता कळायला मार्ग नाही. ती प्यायली तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पिऊ नका. बिअरमधली आम्लता, मद्यार्क आणि हॉप्सचा कडवटपणा यांमुळे तिच्यात रोगजंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून विषबाधेची भीती मी घालणार नाही. पण तीस वर्षांच्या उन्हाळ्यांनी आत जे काही झाले आहे ते बिअर म्हणण्याजोगे राहिलेले नाही, आणि वडिलांची आठवण त्या चवीशी जोडली जाऊ नये. बाटली उघडूही नका. झाकण गंजून गळू लागले नसेल तर ती उभीच ठेवा, लेबलाला पाणी लागू देऊ नका आणि ऊन तर मुळीच नको. जुन्या लेबलांवर कारखान्याचा पत्ता, राज्याचा शिक्का आणि किंमत एकत्र सापडते. भंगारवाल्याने नेलेल्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जात असल्यामुळे मूळ लेबलासकट राहिलेली बाटली दुर्मीळच असते.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या गिरणीतल्या जुन्या मित्रांपैकी आता दोघेच उरले आहेत, आणि पुढच्या महिन्यात ते तिघे आमच्या घरी भेटणार आहेत. ‘आमची गोल्डन ईगल मिळाली असती तर मजा आली असती,’ असे बाबा दोनदा म्हणाले. आमच्या जवळच्या दुकानांत ती नाही. मी स्वतः बिअर पीत नाही, त्यामुळे मला यातले काही कळत नाही. त्यांच्यासाठी मी काय आणू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपल्या पत्राचे उत्तर मी सर्वांत आधी लिहिले, आणि छापताना मुद्दाम शेवटी ठेवले.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. तिघांपैकी कोणी झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि बाकीच्या दोघांच्या घरीही फोन करून विचारून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर त्या माणसासाठी दुसरे काही गार पेय आणा, पण ग्लास तसाच ठेवा.

गोल्डन ईगल ही त्या पिढीची खरोखर मोठी बिअर होती. तिच्या कंपनीची मुळे एडवर्ड डायर याने १८५५ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला सुरू केलेल्या ब्रुअरीपर्यंत जातात. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. स्वातंत्र्यानंतर ती कंपनी मोहन कुटुंबाकडे आली, आणि किंगफिशर पुढे जाईपर्यंत गोल्डन ईगल देशात अग्रभागी होती. हे मी आपल्याला एवढ्यासाठी सांगतो की, त्या संध्याकाळी विषय निघाला तर आपल्यालाही दोन गोष्टी विचारता येतील.

दुकानात गेल्यावर ‘स्ट्राँग’ लिहिलेली बाटली घेऊ नका. आज आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर आणि आठपर्यंत मद्यार्काची, आणि दुकानदार न विचारता तीच काढून देईल. बाबांच्या आठवणीतली बिअर सौम्य होती. पाच टक्क्यांपर्यंतची साधी लेगर मागा. हिरवी किंवा पांढरी बाटली टाळून तपकिरी घ्या, कारण उजेडाने हॉप्समधला कडवट अंश फुटतो आणि जळक्या रबरासारखा वास येतो. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते. लेबलावरची तयार केल्याची तारीख पाहा आणि दोन महिन्यांच्या आतली मिळेल तोवर दुकाने बदलायला संकोच करू नका. लहान बाटल्या घ्या, म्हणजे प्रत्येकाची गार असतानाच संपेल. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून मुंबई-ठाण्याकडेही ताजी बिअर स्वतः तयार करणाऱ्या जागा झाल्या आहेत, पण तिथली प्रसिद्ध असते ती बहुधा गव्हाची, ढगाळ दिसणारी बिअर. ती तिघांना ओळखीची वाटणार नाही.

बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि बर्फाच्या कप्प्यात टाकू नका. प्यायला देण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढा. अतिगार बिअरला चवच लागत नाही, आणि या वयात नाकाला थोडी मदत लागते. ग्लास साबणाने धुतल्यावर साध्या पाण्याने पुन्हा दोनदा विसळा व पालथे घालून वाळू द्या, कारण साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. खारे शेंगदाणे आणि मसाला पापड ठेवालच. मात्र ओठांना तेल लागले की फेस मरतो, तेव्हा पापड तळण्याऐवजी भाजा. वरचा कांदा-टोमॅटो अगदी बारीक चिरा, दातांचा प्रश्न तिघांनाही असेल.

आणि बाटली आपण उघडू नका. ओपनर बाबांच्या हातात द्या. त्यांच्यापैकी कोणाला तरी दातांनी किंवा टेबलाच्या कडेवर झाकण उडवण्याची जुनी सवय असेल, तो ते करून दाखवतो म्हणेल. दातांनी उघडू देऊ नका, टेबलाच्या कडेवर उघडू द्या. कड थोडी खरवडली जाईल.